खानदेशातील संक्षारण संशोधन

खानदेशातील संक्षारण संशोधन म्हणजे महाराष्ट्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या परिसरात धातूंचे गंजणे आणि ते रोखणारे लेप या विषयांवर झालेले वैज्ञानिक काम होय. या संशोधनाचे मुख्य केंद्र जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे आहे. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तांबे, पितळ व पोलाद यांवर वाहक बहुवारिकांचे (पॉलिमरचे) लेप विद्युतरासायनिक पद्धतीने चढवण्याचे, तर रसायनशास्त्र विभागात ओरखडा पडल्यास आपोआप बुजणारे रंगलेप तयार करण्याचे काम झाले. गंज रोखण्यासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या, परंतु आरोग्यास घातक ठरलेल्या क्रोमेट संयुगांना पर्याय शोधणे ही या कामामागची व्यापक पार्श्वभूमी आहे.

संज्ञा व प्रक्रिया

धातूची सभोवतालच्या पदार्थांशी रासायनिक किंवा विद्युतरासायनिक विक्रिया होऊन त्याचा ऱ्हास होणे याला संक्षारण म्हणतात. लोखंड व पोलाद यांच्या संक्षारणाला व्यवहारात गंजणे असे म्हटले जाते. तांब्यावर येणारा हिरवट थर, पितळेतील जस्त निघून जाऊन उरणारे सच्छिद्र तांबे आणि ॲल्युमिनियमला पडणारे बारीक खळगे हीदेखील संक्षारणाचीच रूपे आहेत.

ओलसर लोखंडाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. धनाग्राच्या जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून द्रावणात उतरतात. ऋणाग्राच्या जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन स्वीकारतो व हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. दोन्हींच्या संयोगातून प्रथम लोहाचे हायड्रॉक्साइड व पुढे तांबूस गंज तयार होतो. धातू, ऑक्सिजन, पाणी आणि आयनांना वाट देणारे द्रावण यांपैकी एकाचीही साखळी तोडली तर ही क्रिया मंदावते. गंजरोधनाचे बहुतेक उपाय ही साखळी तोडण्याचेच मार्ग आहेत.

काही धातूंवर ऑक्साइडचा किंवा अन्य संयुगाचा पातळ, घट्ट थर तयार होतो व पुढील ऱ्हास जवळजवळ थांबतो. या अवस्थेस निष्क्रियता म्हणतात. अगंज पोलाद (स्टेनलेस स्टील) न गंजण्याचे कारण त्यावरील क्रोमियम ऑक्साइडचा असा थर हे आहे. क्लोराइड आयन हा थर ठिकठिकाणी भेदतात. त्यामुळे समुद्रकिनारी आणि खारट पाण्यात संक्षारण तीव्र होते.

जीर्णन ही याहून व्यापक संज्ञा आहे. तीत संक्षारणाबरोबरच वारंवार ताण पडून धातूला येणारा शिणवटा, उच्च तापमानात भाराखाली होणारे मंद विसर्पण आणि ऊन, उष्णता व ऑक्सिजन यांमुळे प्लॅस्टिक व रबर ठिसूळ होणे यांचाही समावेश होतो.

प्रादेशिक पार्श्वभूमी

खानदेश हा समुद्रापासून दूर असलेला, तापी व तिच्या गिरणा, पांझरा, बोरी इत्यादी उपनद्यांच्या खोऱ्यातील प्रदेश आहे. हवेतील क्षाराचे प्रमाण कोकणाच्या मानाने फार कमी असल्याने उघड्यावरील पोलाद येथे मुंबई किंवा रत्नागिरीपेक्षा हळू गंजते. वातावरणीय संक्षारणाचा अंदाज बांधताना सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असलेला काळ मोजला जातो. खानदेशात हा काळ मुख्यतः पावसाळ्यापुरता मर्यादित असतो.

तथापि जमिनीखाली स्थिती वेगळी असते. या भागातील काळी कापसाची जमीन ओलावा धरून ठेवते. ओल्या चिकणमातीचा विद्युतरोध कमी असल्याने तीत पुरलेल्या लोखंडी नळांभोवती संक्षारण प्रवाह सहज वाहतो. उन्हाळ्यात हीच माती आकसून भेगाळते. परिणामी नळाच्या एका भागाला हवा अधिक व दुसऱ्या भागाला कमी मिळते. ऑक्सिजनचे प्रमाण असे असमान झाले की कमी ऑक्सिजनचा भाग धनाग्र बनतो आणि तेथे नळाला भोके पडतात. कूपनलिकांतील क्षारयुक्त पाण्यात लोखंडी पाइप व पंपांचे भाग लवकर खराब होण्यामागेही पाण्यातील आयनांचे प्रमाण हे एक कारण असते.

भुसावळजवळील दीपनगर येथील औष्णिक विद्युत केंद्रात जीर्णनाचे निराळे स्वरूप दिसते. या केंद्रात २१० व ५०० मेगावॉट क्षमतेचे संच आहेत. अशा संचांतील वाफेचे तापमान सुमारे ५४० अंश सेल्सियस असते व त्या तापमानात दाबाखालील पोलादी नळ्यांमध्ये विसर्पण घडते. भारतीय कोळशात गंधक कमी परंतु राख अधिक असल्याने बाष्पित्रातील नळ्यांची झीज केवळ रासायनिक नसते. राखेच्या कणांच्या घर्षणाचाही तीत मोठा वाटा असतो.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या आणि शिवाजीनगर येथील सौर विद्युत प्रकल्प आहेत. पवनचक्कीच्या पोलादी मनोऱ्याला व पात्यांना सतत बदलणारा ताण सोसावा लागतो. सौर पटलांचे आयुष्य साधारणतः २५ वर्षे गृहीत धरले जाते. पटलातील विद्युतघटांभोवती असलेले एथिलीन-व्हिनिल ॲसिटेट हे बहुवारिक उष्णता, ओलावा व अतिनील किरण यांमुळे विघटित झाल्यास ॲसिटिक अम्ल सुटते व ते आतील धातूच्या बारीक रेषांचे संक्षारण करते. प्लॅस्टिकचे जीर्णन आणि धातूचे संक्षारण परस्परांशी कसे जोडलेले असतात, याचे हे उदाहरण आहे.

क्रोमेटचा प्रश्न

२०१६ मध्ये ‘नेस’ या आंतरराष्ट्रीय संक्षारण संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संक्षारणामुळे होणारा जागतिक खर्च वर्षाला सुमारे २.५ लाख कोटी डॉलर, म्हणजे २०१३ सालच्या जागतिक सकल उत्पादनाच्या सुमारे ३.४ टक्के असल्याचा अंदाज दिला होता. हा खर्च कमी करणाऱ्या उपायांत क्रोमेट संयुगांचा वाटा मोठा होता. विसाव्या शतकात जस्त क्रोमेटयुक्त प्राथमिक रंग व क्रोमेट प्रक्रिया विमाने, वाहने व यंत्रे यांसाठी सर्रास वापरली गेली.

क्रोमेटचे वैशिष्ट्य असे की ते लेपात साठून राहते, ओरखडा पडला की ओलाव्याबरोबर त्या जागी पोहोचते आणि उघड्या पडलेल्या धातूवर पुन्हा संरक्षक थर तयार करते. मात्र त्यातील षट्संयुजी क्रोमियम मानवी शरीरात कर्करोग निर्माण करते. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांत त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यावर मर्यादित केले व पुढे रसायनविषयक नियमांद्वारे त्याच्या औद्योगिक वापरासाठी पूर्वपरवानगी आवश्यक केली. त्यामुळे नव्या लेपाकडून दोन अपेक्षा निर्माण झाल्या : अखंड असताना त्याने धातूचे संरक्षण करावे आणि भंगल्यावरही क्रोमेटप्रमाणे काम करत राहावे. जळगावातील संशोधनाच्या दोन शाखा या दोन अपेक्षांशी निगडित आहेत.

वाहक बहुवारिकांचे लेप

पूर्वपीठिका

ॲनिलीन या द्रव्यापासून बनणारे पॉलिॲनिलीन हे विद्युतवाहक बहुवारिक आहे. १९८५ मध्ये अमेरिकी संशोधक डेव्हिड डेबेरी यांनी अगंज पोलादावर पॉलिॲनिलीनचा लेप दिल्यास सल्फ्युरिक अम्लातही पोलाद निष्क्रिय अवस्थेत टिकते असे दाखवले. त्यानंतर हे बहुवारिक क्रोमेटला पर्याय ठरू शकेल काय, याचा शोध अनेक देशांत सुरू झाला. वाहक बहुवारिकांच्या शोधाबद्दल ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड व हिदेकी शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव विद्यापीठास देण्यात आले. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पी. पी. पाटील यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑर्थो-ॲनिसिडीन या ॲनिलीनच्या अनुजातापासून बहुवारिकांच्या पातळ पटलांचा अभ्यास केला. द्रावणाचा सामू आणि विद्युतदाब बदलण्याचा वेग यांचा पटलाच्या घडणीवर कोणता परिणाम होतो, हे या टप्प्यावर तपासण्यात आले. पुढील दशकात या गटाचे काम तांबे, पितळ, अल्पकार्बनी पोलाद इत्यादी नित्य वापरातील धातूंच्या संरक्षणाकडे वळले. या निबंधांत पुण्यातील संशोधकांचाही सहलेखक म्हणून सहभाग आहे. पाटील २०१६ मध्ये या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मूळ अडचण

विद्युतरासायनिक पद्धतीत ज्या धातूवर लेप चढवायचा तो धातू धनाग्र म्हणून द्रावणात बुडवला जातो. द्रावणात बहुवारिकाचा मूळ घटक, म्हणजे एकवारिक, असतो. योग्य विद्युतदाब दिल्यावर एकवारिकाचे ऑक्सिडीकरण होऊन धातूच्या पृष्ठभागावरच बहुवारिकाची साखळी वाढू लागते. या पद्धतीत लेपाची जाडी विद्युतभार मोजून नियंत्रित करता येते आणि वेगळ्या विद्रावकाची किंवा रंगकामाची गरज राहत नाही.

प्लॅटिनमवर ही क्रिया सहज होते, कारण त्या दाबाला प्लॅटिनम विरघळत नाही. लोखंड व तांबे यांची स्थिती उलट आहे. ॲनिलीनच्या ऑक्सिडीकरणास लागणाऱ्या दाबापेक्षा बऱ्याच कमी दाबाला हे धातू विरघळू लागतात. परिणामी लेप तयार होण्याआधीच ज्याचे रक्षण करायचे तो धातू द्रावणात उतरतो. सतत विरघळणाऱ्या पृष्ठभागावर बहुवारिक चिकटून राहत नाही.

विद्युतविच्छेद्याची निवड

या अडचणीवरील उपाय विद्युतविच्छेद्याच्या, म्हणजे द्रावणाला विद्युतवाहकता देणाऱ्या संयुगाच्या, निवडीत सापडला. १९९० च्या दशकात पॅरिस येथील संशोधकांनी मृदू पोलादासाठी ऑक्झॅलिक अम्लाचा वापर केला होता. त्यात प्रथम लोह ऑक्झॅलेटचा थर बसतो, धातूचे विरघळणे थांबते व त्यानंतर पॉलिॲनिलीन वाढते.

जळगावच्या गटाने हे तत्त्व निरनिराळे धातू, एकवारिके व विद्युतविच्छेद्ये यांच्या जोड्या घेऊन पद्धतशीरपणे तपासले. त्यासाठी सोडियम ऑक्झॅलेट, सोडियम टार्ट्रेट व सोडियम सॅलिसिलेट यांसारख्या लवणांची जलीय द्रावणे वापरण्यात आली. तांब्याच्या बाबतीत सोडियम ऑक्झॅलेटच्या द्रावणात प्रथम ताम्र ऑक्झॅलेटचा थर तयार होतो व धातू निष्क्रिय होतो. त्यानंतर दाब वाढवल्यावर त्या थरावर बहुवारिक वाढते. द्रावण जलीय असल्याने ज्वालाग्राही किंवा विषारी सेंद्रिय विद्रावक टाळता येतात.

या प्रयोगांचे मध्यवर्ती निरीक्षण असे की विद्युतविच्छेद्य हे केवळ विद्युतप्रवाहाचे माध्यम नसते. पृष्ठभागावर बसणाऱ्या पहिल्या थराचे स्वरूप तेच ठरवते आणि बहुवारिकाची चिकटण्याची क्षमता त्या पहिल्या थरावर अवलंबून असते. हा थर फार विरळ असल्यास धातू विरघळत राहतो. तो फार जाड व विद्युतरोधी असल्यास एकवारिकाचे ऑक्सिडीकरण होण्यासाठी आवश्यक इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण थांबते.

एकवारिकांचे प्रकार

ॲनिलीनखेरीज ऑर्थो-टोल्युइडीन, ऑर्थो-ॲनिसिडीन, ऑर्थो-एथिलॲनिलीन व २,५-डायमेथिलॲनिलीन ही अनुजाते या गटाने वापरली. ॲनिलीनच्या वलयाला मेथिल, मेथॉक्सी किंवा एथिल गट जोडल्यास साखळी थोडी पिळवटते. त्यामुळे विद्युतवाहकता कमी होते, तर विद्राव्यता वाढते. गंजरोधनासाठी उच्च वाहकता अत्यावश्यक नसल्याने अशी अनुजाते या कामी उपयुक्त ठरतात. दोन एकवारिके एकत्र घेऊन सहबहुवारिकांचे लेपही तयार करण्यात आले. ऑर्थो-ॲनिसिडीन व ऑर्थो-टोल्युइडीन यांच्या सहबहुवारिकाचा तांब्यावरील लेप हे त्याचे उदाहरण होय.

मोजमाप

लेपाचा टिकाऊपणा डोळ्यांना दिसेपर्यंत थांबल्यास महिने किंवा वर्षे लागतात. त्यामुळे प्रयोगशाळेत विद्युतरासायनिक मोजमापे केली जातात. जळगावच्या अभ्यासांत लेपित व अलेपित नमुने प्रामुख्याने मिठाच्या ३ टक्के द्रावणात तपासले गेले. हे प्रमाण समुद्राच्या पाण्यातील क्षारतेच्या जवळपास असते.

ध्रुवण पद्धतीत नमुन्यावरील विद्युतदाब हळूहळू बदलून प्रवाह मोजतात व आलेखावरून संक्षारण प्रवाह काढतात. हा प्रवाह थेट धातूच्या ऱ्हासात रूपांतरित करता येतो. लोखंडाच्या बाबतीत दर चौरस सेंटीमीटरला १ मायक्रोअँपिअर प्रवाह म्हणजे वर्षाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर जाडीची झीज होय. विद्युतरासायनिक संरोध पद्धतीत नमुन्याला निरनिराळ्या वारंवारतांचा अत्यल्प प्रत्यावर्ती दाब देतात. मिळालेल्या प्रतिसादावरून लेपातील छिद्रांचा रोध आणि धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन-विनिमयाचा रोध वेगवेगळे काढता येतात. लेपाची रासायनिक रचना अवरक्त व दृश्य-अतिनील वर्णपटांनी, तर त्याची घडण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासली जाते.

या अभ्यासांत लेपित नमुन्यांचा संक्षारण प्रवाह अलेपित नमुन्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळला. त्यामागे दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे पाणी, ऑक्सिजन व क्लोराइड यांना होणारा अडथळा. दुसरे म्हणजे बहुवारिकाची ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता, जिच्यामुळे धातू निष्क्रिय अवस्थेत राखला जातो. पहिल्याचा वाटा किती व दुसऱ्याचा किती, हे धातू, लेप व द्रावण यांनुसार बदलते.

ओरखड्याचा वाद

वाहक बहुवारिके गंज नेमका कसा रोखतात, हा संक्षारणशास्त्रातील वादाचा विषय राहिला आहे. लेपातील बारीक छिद्रांतून धातू उघडा पडला असता बहुवारिक त्यास पुन्हा निष्क्रिय करते, असा दावा अनेक निबंधांत केला गेला. याउलट जर्मनीतील मॅक्स प्लँक लोह संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये या दाव्याची चिकित्सा केली. लेपातील दोष मोठा असेल तर बहुवारिकाचे झपाट्याने क्षपण होते, त्यातून आयनांची वाहतूक वाढते व लेप दोषापासून दूरपर्यंत सुटत जाऊ शकतो, असे त्यांनी दाखवून दिले. वाहक लेप स्वतःच मोठ्या ऋणाग्राप्रमाणे वागल्यास उघड्या पडलेल्या छोट्या धनाग्रावरील ऱ्हास उलट वाढण्याचीही शक्यता असते.

अखंड लेपाचे मिठाच्या द्रावणातील मोजमाप आणि प्रत्यक्ष वापरात ठेचकाळलेल्या लेपाचे वर्तन या भिन्न गोष्टी आहेत, हा या वादाचा व्यावहारिक अर्थ होय. पाइप, यंत्रे व वाहने हाताळताना ओरखडे टाळता येत नाहीत. त्यामुळे क्रोमेटच्या पर्यायाची खरी परीक्षा लेप भंगल्यानंतर सुरू होते.

स्वयंदुरुस्तीचे लेप

तत्त्व

२००१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी आतून आपोआप सांधणारे बहुवारिक प्रसिद्ध केले. त्यात दुरुस्ती करणारा द्रव सूक्ष्मसंपुटांत, म्हणजे डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या बंद गोळ्यांत, भरलेला होता. तडा गेल्यावर त्या वाटेतील संपुटे फुटतात, द्रव तड्यात झिरपतो आणि घट्ट होतो. रंगलेपांत हेच तत्त्व जवसासारख्या वाळणाऱ्या तेलांनी साधता येते. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनने स्वतःच घट्ट होत असल्याने वेगळ्या उत्प्रेरकाची गरज राहत नाही. तैलरंगांत व लाकडी वस्तूंच्या रोगणात या तेलाचा वापर फार जुना आहे.

जळगावातील काम

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील विकास गिते, पी. पी. माहुलीकर, डी. जी. हुंडीवाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरिया व पॉलियुरेथेन यांच्या कवचांची सूक्ष्मसंपुटे तयार करून ती पॉलियुरेथेन रंगलेपांत मिसळली. या संपुटांसाठी आंतरपृष्ठीय बहुवारिकीकरण ही पद्धत वापरतात. तेलाचे थेंब पाण्यात घुसळून विखुरले जातात. तेलातील आयसोसायनेट व पाण्यातील अमाइन किंवा अल्कोहोल यांची विक्रिया थेंबाच्या पृष्ठभागावर होऊन तेथे कवच बनते. ढवळण्याचा वेग वाढवल्यास थेंब व पर्यायाने संपुटे लहान होतात.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या गटाने क्विनोलीन हे संक्षारणरोधक द्रव्य पॉलियुरियाच्या सूक्ष्मसंपुटांत भरून गंजरोधक लेपात वापरले. क्विनोलीनच्या रेणूतील नायट्रोजन अणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून रेणूंचा पातळ थर तयार करण्यास मदत करतो. रोधक द्रव्य लेपात थेट मिसळल्यास ते हळूहळू धुपून जाते किंवा लेपाच्या घडणीत व्यत्यय आणते. संपुटात बंद असल्यास ते ओरखडा पडेपर्यंत राखून ठेवले जाते. अशा लेपांची तपासणी करताना लेपावर मुद्दाम ओरखडा काढून नमुना क्षारद्रावणात बुडवतात व साध्या लेपाशी त्याची तुलना करतात.

क्रोमेटचे काम येथे दोन भागांत विभागलेले दिसते : तेल ओरखडा बुजवते व रोधक धातूला चिकटते. मात्र क्रोमेट ओलाव्याबरोबर पुन्हा पुन्हा पाझरू शकते, तर संपुट एकदाच फुटते. त्याच जागी दुसऱ्यांदा ओरखडा पडल्यास संरक्षण मिळेलच असे नाही. शिवाय क्विनोलीन हे द्रव्य आरोग्याच्या दृष्टीने पूर्णतः निर्धोक नसल्याने सौम्य रोधकांचा शोध महत्त्वाचा ठरतो.

वनस्पतिज तेलांवर आधारित लेप

विद्यापीठात निंबोळीच्या तेलापासून पॉलियुरेथेन लेप बनवण्याचे कामही झाले आहे. तेलातील मेदाम्लांपासून प्रथम अमाइड गट असलेली संयुगे बनवतात व त्यांची आयसोसायनेटशी विक्रिया करून लेप तयार करतात. निंबोळीचे तेल अखाद्य असल्याने त्याचा औद्योगिक वापर खाद्यतेलाच्या पुरवठ्याशी स्पर्धा करत नाही आणि खनिज तेलापासून मिळणाऱ्या कच्च्या मालावरील अवलंबित्व काही अंशी घटते. विद्यापीठाच्या परिसरात रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था असल्याने तेल, रंग व प्लॅस्टिक या विषयांचे शिक्षण व संशोधन एकाच आवारात होते.

धातूऐवजी प्लॅस्टिक

गंजाच्या प्रश्नाचे खानदेशात रुजलेले दुसरे उत्तर म्हणजे धातूच टाळणे. जळगाव हे प्लॅस्टिक पाइप व ठिबक सिंचन संचांच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे. भवरलाल जैन यांनी स्थापन केलेल्या उद्योगसमूहामुळे शहराला ही ओळख मिळाली. शेतात पूर्वी वापरले जाणारे जस्तलेपित लोखंडी पाइप मागे पडून पीव्हीसी व पॉलिएथिलीनचे पाइप रूढ झाले.

हे पाइप गंजत नसले तरी जीर्ण होतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पॉलिएथिलीनच्या साखळ्या तुटतात, ऑक्सिडीकरण होते व पाइप ठिसूळ बनतो. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगवान होते. त्यावर उपाय म्हणून काळ्या पॉलिएथिलीनमध्ये काजळी मिसळतात. पाणीपुरवठ्याच्या पॉलिएथिलीन पाइपांसाठीच्या भारतीय मानकात काजळीचे प्रमाण सुमारे २.५ टक्के ठेवलेले आहे. काजळी किरणे शोषून घेते व त्यांना आत खोलवर पोहोचू देत नाही. ठिबकच्या नळ्या काळ्या असण्याचे हे मुख्य कारण आहे. ठिबक संचातील क्षार काढण्यासाठी अम्ल सोडले जाते, तेव्हा गाळणी व पंपाच्या धातूच्या भागांचे संक्षारण होऊ शकते. त्यामुळे प्लॅस्टिकच्या वापरानेही संक्षारणाचा प्रश्न पूर्णतः संपत नाही.

मर्यादा

प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष वापरात आणताना अनेक अडचणी येतात. विद्युतरासायनिक पद्धतीने लेप चढवण्यासाठी वस्तू द्रावणात बुडवावी लागते. लहान सुट्या भागांसाठी हे शक्य आहे, परंतु पूल, मनोरा किंवा बसवलेला नळ यांसाठी नाही. मोठ्या रचनांकरिता वाहक बहुवारिकाची भुकटी रंगात मिसळण्याचा मार्ग अधिक सोयीचा असतो. तथापि त्यात धातूवर थेट वाढलेल्या लेपाची पकड मिळत नाही.

सूक्ष्मसंपुटांच्या बाबतीत आकाराचा प्रश्न महत्त्वाचा असतो. संपुट मोठे असल्यास त्यात तेल अधिक मावते, पण ते पातळ रंगथरातून वर येते व लेपाचा गुळगुळीतपणा बिघडवते. ते फार लहान असल्यास ओरखडा भरण्यास तेल पुरत नाही. कवच रंग घोटताना फुटू नये, मात्र ओरखडा पडताच फुटावे, या परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ घालावा लागतो. शिवाय आतील तेल रंगकामानंतर वर्षानुवर्षे द्रवरूप राहणे आवश्यक असते.

वेगवर्धित चाचण्यांनाही मर्यादा आहेत. प्रमाणित क्षारफवारा चाचणीत ३५ अंश सेल्सियसला मिठाच्या ५ टक्के द्रावणाचा सतत फवारा देतात. त्यात लेपांची परस्परांशी तुलना करता येते, परंतु क्षारफवाऱ्यातील तासांचे प्रत्यक्ष वापरातील वर्षांत सरळ रूपांतर करता येत नाही. खानदेशातील कोरडा उष्ण उन्हाळा, ओला पावसाळा आणि भेगाळणारी काळी जमीन ही परिस्थिती सतत ओल्या क्षारद्रावणापेक्षा बरीच भिन्न आहे. त्यामुळे लेपाचे आयुष्य ठरवण्यासाठी उघड्यावर व जमिनीत ठेवलेल्या नमुन्यांची दीर्घकालीन तपासणी आवश्यक असते. भारतात अशा प्रकारच्या संक्षारण अभ्यासात तमिळनाडूतील कराईकुडी येथील, १९५३ मध्ये सुरू झालेली केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था अग्रणी आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संक्षारणशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण दिले जाते.

हेही पहा

गंजणे
विद्युतरसायनशास्त्र
वाहक बहुवारिके
जस्तलेपन
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ
ठिबक सिंचन